अक्काच्या सतरंजीवरच्या दोन जागा

सकाळी गवार निवडत बसले होते, तेव्हा मनीषाचा फोन आला. मनीषा म्हणजे सालोमी अक्काची भाची. अक्काच्या शेवटच्या दुखण्यात धुळ्याच्या घरी तीच सोबतीला होती. "मावशी, अक्का गेली," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. अशा वेळी माणूस विचारतं, कशी गेली, फार त्रास झाला का. माझ्या तोंडून मात्र निघालं, "ते दोघं आले होते का गं?" पलीकडे नुसते हुंदके... मग ती म्हणाली, "नाही मावशी. सतरंजी तशीच अंथरलेली आहे." फोन ठेवला आणि मी पुन्हा गवार निवडायला लागले. शिरा ताटलीत आणि शेंगा कचऱ्यात टाकतेय हे सुनेने दाखवलं तेव्हा कळलं. मला रडू आलं नाही, राग आला. आता काही आठवडे उलटून गेले, लोक म्हणतात काळ हे औषध असतं, पण मला ते अजून लागू पडलेलं नाही. ज्यांना मऊमऊ आठवणी वाचायच्या असतील त्यांनी सरळ पान उलटावं, मी काही मनावर घेणार नाही.

ते दोघं म्हणजे आमच्या मंडळ्यांचे दोन अध्यक्ष. चर्चला आम्ही मराठी ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतो. खानदेशातल्या आमच्या मंडळ्या एकेकाळी एकाच घरच्या. पुढे कामाच्या सोयीसाठी दोन विभाग झाले, एक जळगावचा, एक धुळ्याचा, आणि प्रत्येकाला एकेक अध्यक्ष. दोघंही पाळक (बाहेरचे लोक पाद्री म्हणतात) म्हणून चांगले, प्रवचनात तर एकापेक्षा एक सरस, आणि दोघंही अक्काचे विद्यार्थी. तरुणपणी एकाच ताटात जेवलेले. मग पाचोऱ्याला नवीन प्रार्थनामंदिर झालं. त्याच्या कोनशिलेवर जळगावच्या अध्यक्षांचं नाव कोरलं गेलं आणि धुळ्याच्यांचं राहिलं. का राहिलं, कोणामुळे राहिलं, यावर आमच्याकडे आजही दोन्ही बाजूंची माणसं तासभर बोलू शकतात. एका दगडावरचं एक नाव! त्या दिवसापासून दोघांचा अबोला. मधली माणसं निरोप पोचवायची, आणि एक ज्या लग्नाला येणार तिथे दुसऱ्याला "तब्येत बरी नाही" व्हायचं. आणि हे दोघं रविवारी मंचावर उभं राहून आम्हाला क्षमेवर बोलायचे.

अक्काच्या अंत्यविधीलाही दोघं आलेच की. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता, मधे अक्काचा फोटो आणि वरच्या दोन कोपऱ्यांत या दोघांचे, एकमेकांपासून जितके लांब ठेवता येतील तितके. शवपेटीच्या एका बाजूला एक उभे, दुसऱ्या बाजूला दुसरे. एक म्हणाले, अक्का पवित्रतेच्या परंपरेचा दीपस्तंभ होत्या. दुसरे म्हणाले, अक्कांनी आम्हाला पवित्रतेची वाट दाखवली. मी पेटीच्या पायथ्याशी उभी होते, हातात फुलं होती म्हणून बरं, नाहीतर मी दोघांचे खांदे धरून हलवले असते. ज्या बाईला तुम्ही शेवटच्या घासासाठी ताटकळत ठेवलं तिच्याच उशाशी उभं राहून तुम्ही पवित्रतेवर बोलता? मातीचा विधी झाला. जळगावच्यांची गाडी निघून वळणापार जाईपर्यंत धुळ्याचे अध्यक्ष कबरस्तानातल्या निंबाखाली मोबाइल बघत थांबले, म्हणजे फाटकात गाठ पडायला नको. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

पण आधी अक्का सांगायला हवी. आमची ओळख धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहातली. ती शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरून आलेली, माझ्याहून दोन इयत्ता पुढे, हडकुळी आणि हट्टी. तिचे वडील प्रचारक होते. पाड्यापाड्यांवर पायी फिरायचे आणि खांद्यावर एक गुंडाळलेली निळी-तांबडी सतरंजी असायची. मुलीला भेटायला आले की ती वसतिगृहाच्या ओट्यावर अंथरायचे. एकदा मी आणि अक्का बोलत नव्हतो, खोबरेल तेलाच्या बाटलीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. नाना आले (आम्ही सगळ्या मुली त्यांना नाना म्हणायचो), त्यांनी दोघींची तोंडं बघितली आणि काही न विचारता सतरंजी झटकली. "आठे बठा दोन्ही जणी," त्यांच्या अहिराणीत म्हणाले, इथे बसा. आधी माझ्याकडे वळले. "पोरी, तुना जीव कसा शे?" मी म्हटलं, बरा आहे. "बरा शे म्हनाले बंदी शे आठे. जसा शे तसा सांग." असं म्हणून ते गप्प बसले, आणि मला ती शांतता सहन होईना. शेवटी तेल मीच सांडलं होतं हे मी रडत रडत सांगितलं. अक्का म्हणाली, "मले तर ठाऊकच व्हतं," आणि आम्ही हसायला लागलो. नाना उठून चहा प्यायला गेले, जणू काही झालंच नाही.

ही "सतरंजीची बैठक" म्हणजे आमच्या जुन्या मंडळ्यांचा कणा होती. पवित्रता या शब्दाला बाहेरचे लोक बिचकतात, त्यांना वाटतं सोवळं-ओवळं किंवा पांढरे कपडे आणि पडलेले चेहरे. आमच्या वाडवडिलांचा विश्वास साधा होता की देवाच्या कृपेने माणसाचं मन याच आयुष्यात, याच गल्लीत राहून स्वच्छ होऊ शकतं, आणि ते झालं की नाही हे प्रार्थनेत नाही, शेजाऱ्याशी वागताना कळतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत एकाच भाकरीतला तुकडा सगळ्यांनी घेणं, असलं की आदल्या संध्याकाळी सतरंजी पडायची. सगळे खाली बसायचे, गोल करून. प्रत्येकाला दोनच प्रश्न, जीव कसा आहे आणि कोणाशी अबोला आहे का. असेल तर सकाळच्या आत जाऊन बोलून यायचं. ज्याच्याविषयी पाठीमागे बोललात त्याच्या तोंडावर ते बोलायचं. जमलं नाही तर उद्या भाकरीचं ताट समोर आलं की हात मागे घ्यायचा, कोणी काही म्हणणार नाही. आणि शेवटचा प्रश्न पाळकाला, तोही सतरंजीवरच बसून. अक्का सांगायची, एकदा उपासना चालू असताना नाना भाकर मोडायला उभे राहिले आणि थांबले. म्हणाले, "माझं माझ्या भावाशी काल वाजलं. मी आज देऊ शकत नाही." कोट घातलेला, तसेच पलीकडच्या पाड्यावर निघाले. मंडळीने काय करावं? गात बसली. येतील ती सगळी गाणी झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, लहान पोरं झोपून गेली, तेव्हा लांबून दोन माणसं येताना दिसली. भावाला सोबत घेऊन आले होते. मग भाकर मोडली.

या सतरंजीवरच अक्काने पुढे पीएच.डी. केली. तिचे मार्गदर्शक म्हणायचे, बाई, यात तत्त्वज्ञान काय आहे? ती म्हणायची, सर, तुम्ही एकदा बसून बघा. ते बसले की नाही मला ठाऊक नाही, पण पदवी मिळाली. मग वर्षानुवर्षं ती पाळक घडवणाऱ्या संस्थेत शिकवत राहिली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "रोज एकाच माणसाला जीव कसा आहे विचारायचं? कंटाळेल बिचारा." निवृत्तीनंतर धुळ्याला देवपुरात छोटं घर घेतलं. नाना गेल्यावर त्यांची सतरंजी तिच्याकडे आली होती. कडा दोनदा शिवलेल्या, एका कोपऱ्याला रॉकेलचा जुना डाग. दर शनिवारी ती अंथरायची. शाळेतल्या दोन शिक्षिका, एक रिक्षावाला, एक म्हातारी मेट्रन, मनीषा, आणि एसटीचा पास काढलेला असल्यामुळे जळगावहून जमेल तेव्हा मी. एरंडोल-पारोळ्याचे खड्डे खात मी जायचे ते उगीच नाही. जगात दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी मला कोणी जीव कसा आहे हे विचारत नव्हतं. तब्येतीचं सगळे विचारतात.

अशात एक दिवस तिचा फोन आला, आवाजात उत्साह मावत नव्हता. पवित्रतेची परंपरा पुन्हा जागी करायची असं दोन्ही विभागांनी ठरवलं होतं. अध्यक्ष, ज्येष्ठ पाळक आणि पुण्या-नागपूरकडचे काही अभ्यासक मिळून एक गट, आणि त्यातून मंडळ्यांसाठी एक पुस्तक. अक्का त्यात होतीच, आणि भाषा तपासायला तिने मला ओढलं, कारण मी आयुष्यभर जळगावच्या शाळेत मराठी शिकवलेलं. मी सांगते, ते पहिले महिने फार सुंदर होते. माझा राग आहे म्हणून मी हे लपवणार नाही. पुण्याचे डॉ. अमोल नावाचे एक तरुण अभ्यासक अक्कासोबत पाड्यांवर गेले, म्हाताऱ्यांकडून नानांच्या काळची गाणी ऐकून आले, जमिनीवर बसून नागलीची भाकर खाल्ली. एका ज्येष्ठ पाळकांनी भर बैठकीत कबूल केलं, मी चाळीस वर्षं उपदेश केला पण मला कोणी काही विचारलं नाही, आणि मला ते सोयीचं होतं. विद्वान आणि पाळक एका टेबलाशी बसले की एकमेकांना शिकवायला जातात. इथे ते एकमेकांचं ऐकत होते. अक्का परतताना बसमध्ये मला कोपर मारून म्हणायची, "बघ, बघ. जागं होतंय."

एकच गोष्ट होत नव्हती. गटाची बैठक धुळ्याला असली की जळगावचे अध्यक्ष प्रतिनिधी पाठवायचे. जळगावला असली की धुळ्याचे. पवित्रतेचं पुनरुज्जीवन करायला निघालेले दोन पुढारी एकाही बैठकीला एका खोलीत नव्हते, आणि या गोष्टीचा उल्लेख कोणी करत नव्हतं. इतके शिकलेले लोक, पानपानभर टिपा लिहिणारे, आणि खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे कोणाचं लक्ष जात नव्हतं. अक्का मात्र बोलली. तिने लिहिलेल्या प्रकरणात साफ म्हटलं होतं की सतरंजीची बैठक पुन्हा सुरू करायची तर ती अध्यक्षांपासून सुरू व्हावी. दोन्ही विभागांकडून त्यावर अभिप्राय आला, आणि काय योगायोग पाहा, दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं! बैठकीची प्रथा थोर होती, पण आजच्या काळात व्यवहार्य नाही. प्रकरण पुस्तकाच्या शेवटी गेलं, गतकाळाच्या आठवणींमध्ये, नानांच्या फोटोसकट. मी चिडून म्हटलं, अक्का, गटातून बाहेर पड. ती म्हणाली, "बाहेर पडले तर मीही अबोलाच धरला की."

मग पुस्तकाच्या प्रकाशनाचं संमेलन झालं, जळगावला, मोठ्या सभागृहात. एका दगडाने जे तोडलं ते आता जुळेल असं मला त्या दिवशी खरंच वाटलं, कारण पहिल्यांदाच दोघं अध्यक्ष एका मंचावर येणार होते. आले. रांगेच्या या टोकाला एक, त्या टोकाला दुसरे, मधे सगळे पाहुणे. आणि मंचाच्या पुढच्या बाजूला एका स्टुलावर नानांची सतरंजी ठेवली होती. संयोजकांनी "प्रदर्शनासाठी" म्हणून अक्काकडून मागून नेलेली. गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली आणि तिला झेंडूचा हार घातलेला. सतरंजीला हार! ज्यावर बसायचं तिची पूजा मांडली आणि स्वतः सगळे गादीच्या खुर्च्यांवर. हे फक्त आमच्या लोकांनाच सुचू शकतं. मूर्तिपूजेविरुद्ध हेच लोक मोठमोठ्याने बोलतात.

अक्काला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती माइककडे गेलीच नाही. गुडघे दुखायचे तिचे, तरी ती स्टुलाजवळ गेली, हार काढून बाजूला ठेवला, सुतळी सोडली आणि मंचाच्या मधोमध सतरंजी अंथरली. हाताने सुरकुत्या काढल्या. मग आधाराला स्टूल धरून सावकाश खाली बसली. तिने मान वळवून आधी एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. आवाज चढवला नाही, पण माझ्यापर्यंत, चौथ्या रांगेत, स्वच्छ ऐकू आलं. "पोरांनो, तुमना जीव कसा शे? आठे या, बठा."

इतकं सोपं होतं. चार पावलं इकडून, चार तिकडून. जळगावचे अध्यक्ष हसले, पाहुण्यांकडे पाहून, जणू आजीबाईंनी गंमत केली. धुळ्याचे खाली हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे बघत राहिले. आणि सूत्रसंचालकाने, देव त्याला क्षमा करो, माइक उचलून जाहीर केलं की अक्कांनी आपल्याला फार हृद्य प्रात्यक्षिक दाखवलं, जोरदार टाळ्या, आणि आता खाली भरीत-पुरीची व्यवस्था केलेली आहे. टाळ्या पडल्या. दोघं अध्यक्ष मंचाच्या दोन बाजूंच्या दोन जिन्यांनी उतरले. मंचावर अक्का बसून राहिली. पाड्यावरून आलेल्या दोन म्हाताऱ्या वर चढल्या, डॉ. अमोल चढले, मी चढले. आम्ही तिच्याभोवती बसलो. तिने प्रत्येकाला विचारलं, घाई न करता. खालून वांग्याच्या भरिताचा वास येत होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "अक्का, मला त्यांचा संताप आला आहे." ती म्हणाली, "मग त्यांना सांग. मला काय सांगतेस?" संध्याकाळी त्याच दोघांनी, वेगवेगळ्या वेळी, तिला शाल आणि नारळ दिला. तिला चार शब्द सुनावले असते तरी परवडलं असतं, सत्कार करून तिला गप्प केलं.

त्यानंतर वर्षाच्या आत ती आजारी पडली. आधी दवाखाना, मग डॉक्टरांनीच सांगितलं, आता घरी न्या. तिला शेवटचं प्रभुभोजन हवं होतं. आमच्यात कोणालाही हवं असतं. पहिल्यांदा जळगावचे अध्यक्ष आले, काळ्या पेटीत छोटा पेला आणि भाकर घेऊन. मी तिथेच होते. त्यांनी पेटी उघडली, प्रार्थनेला डोळे मिटले. अक्काने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "त्याला घेऊन ये. दोघं मिळून दे. मी वाट बघते." ते म्हणाले, "अक्का, तुम्ही आधी बऱ्या व्हा, मग बघू." पेटी मिटून निघून गेले. दोनेक दिवसांनी धुळ्याचे आले. त्यांचं घर तर पाच मिनिटांवर. त्यांनाही तिने तेच सांगितलं. ते म्हणाले, "मी तयार आहे. तो येईल का ते विचारा त्याला." म्हणजे आधी कोणी पाऊल टाकायचं, इथे गाडी अडलेली. एक मरणारी बाई समोर पडली आहे आणि यांचं मोजमाप चालू आहे, पाऊल कोणाचं आधी!

मी अक्काशी भांडले. हो, आजारी माणसाशी भांडले. म्हटलं, "तुझा कोणाशी अबोला नाही, तू का उपाशी राहतेस? मी दुसरा पाळक बोलावते." तिला धाप लागत होती, थांबून थांबून बोलली. "माझा नाही गं... पण यांना मी शिकवलंय, रत्ना. यांचा अबोला तसाच ठेवून त्यांच्याच हातची भाकर घेतली, तर आयुष्यभर शिकवलं ते मीच खोटं पाडलं." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि दुसरा पाळक बोलावला तर त्या दोघांची सुटका होते. मला त्यांना सोडायचं नाही." तिने मनीषाला सतरंजी पलंगाशेजारी अंथरायला लावली. दोन पाट ठेवायला सांगितले, मग म्हणाली, पाट काढ, नुसत्या सतरंजीवर बसू देत. गल्लीत गाडी थांबली की ती डोळे उघडायची. कधी दूधवाला, कधी शेजाऱ्यांचा जावई. मनीषा सांगते, शेवटच्या पहाटेही दाराकडेच तोंड होतं. सालोमी अक्का, जिने पवित्रतेवर दोन पिढ्यांना शिकवलं, ती प्रभुभोजनावाचून गेली. दोन पवित्रतेचे पुढारी एका खोलीत बसायला तयार नव्हते म्हणून. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिते आहे. फ्लेक्सवर ते नव्हतं.

आता म्हणे तिच्या नावाने व्याख्यानमाला सुरू होणार आहे, पवित्रतेवर, दोन्ही विभागांच्या संयुक्त विद्यमाने. संयोजकांचा मला फोन आला, स्मृतिलेख द्या, अक्कांच्या शांत स्वभावावर. शांत स्वभाव! बोलता बोलता त्यांनीच सांगितलं की सभागृहाबाहेर नामफलक लावायचा आहे, पण थोडं थांबलंय, कारण दोन अध्यक्षांपैकी वर कोणाचं नाव घ्यायचं ते ठरत नाहीये. मी फोन बंद केला. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. पाचोऱ्याच्या दगडाने यांना काहीच शिकवलं नाही.

त्या शनिवारी मी धुळ्याला गेले. अक्का गेली तरी तिची माणसं जमतात. सतरंजी पलंगाशेजारी आहे तशीच आहे, आणि सगळे दोन जागा सोडून तिच्या कडेकडेने बसतात. आता मनीषा विचारते. माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तुना जीव कसा शे?" मी सगळं ओकले. फ्लेक्स, निंबाखालचा मोबाइल, नामफलक, सगळं. म्हातारी मेट्रन ऐकून घेत होती, नंतर म्हणाली, "बाई, हे आम्हाले सांगीसन काय उपेग? समोर जाय." मी म्हटलं, मी पेपरात लिहिणार आहे. "मंग आधी त्यासले वाची दाखाड." नियम नियम असतो. ज्याच्याविषयी पाठीमागे बोललात ते त्याच्या तोंडावर.

म्हणून तुम्ही वाचताय तो हा लेख, इथवरचा, आधी त्या दोघांनी ऐकला आहे. जळगावच्या अध्यक्षांसमोर मी तो त्यांच्या कार्यालयात वाचला. मी एक ओळ गाळली नाही. त्यांनी पेन्सिल फिरवत शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बाई, भाषा छान आहे तुमची. आमची नावं कुठे नाहीत ना?" नाहीत. तिथून बस धरून धुळ्याला. धुळ्याच्या अध्यक्षांनी मधेच थांबवलं, अक्काच्या खोलीतला भाग पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत राहिले. मला वाटलं, आता... आता काहीतरी म्हणतील. त्यांनी विचारलं, "जळगाववाले काय म्हणाले?"

मी म्हटलं, "जाऊन विचारा की."

मी उठले तेव्हा फाटकापर्यंत सोडायला आले, आणि तिथे हळूच विचारलं, सतरंजी कुठे आहे आता. सांगितलं. मान हलवून आत गेले.

पहिल्या रविवारी भाकरीचं ताट माझ्यासमोर आलं. अक्का गेल्यावरच्या रविवारी मी हात मागे घेतला होता. आता माझ्या बाजूने काही राहिलेलं नव्हतं, जे होतं ते समोर बोलून झालं होतं. राग आहे, पण अबोला नाही. मी तुकडा उचलला, आणि तो तोंडात घालताना मला तिच्या उघड्या डोळ्यांची इतकी आठवण झाली की शेजारणीने माझा हात धरला. उपासनेनंतर मनीषाला फोन केला. ती झाडलोट करत होती. म्हणाली, मावशी, पाहुण्यारावळ्यांना खोलीत वावरायला अडचण होते, सतरंजी उचलून ठेवू का आता? मी म्हटलं, नको. कडेकडेने झाड. दार दिवसभर उघडं असू दे. दोघांनाही घर ठाऊक आहे.